पान आणि पाना : मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांबद्दल

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची जुनी हॅचबॅक एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापायला लागली. चालती असली की तापमानाचा काटा जागेवर, सिग्नलला उभी राहिली की काटा वर. सर्व्हिस सेंटरने रेडिएटरचा पंखा मोटरसकट बदलायला सांगितला आणि साडेनऊ हजारांचं एस्टिमेट बाबांच्या हातात ठेवलं. त्या रात्री मी गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल शोधून काढलं. साडेसहाशे पानांची इंग्रजी पीडीएफ. पंख्याच्या प्रकरणात क्रम साधा होता : आधी फ्यूज बघा, मग रिले, मग मोटरला थेट बॅटरीतून करंट देऊन बघा, आणि एवढं करूनही पंखा फिरला नाही तरच मोटर बदला. फ्यूज ठीक होता. आमच्या गाडीत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच जातीचा आहे हे त्याच पानावर कळलं, म्हणून दोघांची अदलाबदल केली. पंखा फिरायला लागला, हॉर्न बंद पडला. नवा रिले एकशे ऐंशी रुपयांना मिळाला.

ही गोष्ट मी पुढचे दोन महिने ऑफिसात ज्याला-त्याला ऐकवली. मग पावसाळ्यात त्याच पीडीएफच्या भरवशावर पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड स्वतः बदलले, आणि त्यानंतर गोष्ट ऐकवणं बंद केलं. काय झालं ते पुढे सांगतो. पण त्या निमित्ताने मी ही मॅन्युअल्स निव्वळ कृतीसाठी न वाचता पुस्तकं म्हणून वाचायला लागलो : ती कोणाशी बोलतात, काय गृहीत धरतात, कुठे गप्प बसतात. ‘घरच्या घरी दुरुस्ती’ हा त्यांचा दावा आपल्याकडच्या साध्या गाडीमालकाच्या किती कामाचा आहे, हा या लेखाचा प्रश्न.

डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक

सुरुवात त्या पुस्तकापासून करू जे प्रत्येक गाडीमालकाकडे असतंच. डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या पीयूसी आणि टोलच्या पावत्यांच्या खाली. मी आमचं पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा जाणवलं की हे पुस्तक गाडीबद्दल कमी आणि जबाबदारीबद्दल जास्त आहे. प्रत्येक विषयाची सुरुवात इशाऱ्याने, शेवट ‘अधिकृत विक्रेत्याकडे जा’ या सल्ल्याने. घड्याळ कसं लावायचं याला एक अख्खं पान, ब्रेक ऑइल कमी झालं तर काय समजायचं याला दोन ओळी. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक मोटारींच्या मालकपुस्तिकांत प्लगमधली फट किती ठेवायची, कार्बोरेटर कसा जुळवायचा हे सरळ लिहिलेलं असायचं. मालकाने बॉनेट उघडणं तेव्हा नेहमीची बाब होती. आजच्या पुस्तिकेच्या लेखी तो अपघात आहे.

या पुस्तिकेला दोष देणं सोपं आहे, पण ती एक गोष्ट नीट करते. टायरमधली हवा किती, तेल कुठल्या ग्रेडचं, कुठला दिवा लागला की गाडी ताबडतोब थांबवायची, हे तिच्याइतकं खात्रीने दुसरीकडे कुठे मिळत नाही. माझ्या ओळखीच्या गाडीवाल्यांत पेट्रोलपंपावरचा मुलगा ‘कितना?’ विचारतो तेव्हा योग्य आकडा सांगू शकणारे फार थोडे आहेत. तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरही असतो.

खोलून पाहिलेली गाडी

मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांची जी परंपरा जगभर प्रसिद्ध आहे तिची सुरुवात एका माणसाच्या वैतागातून झाली. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात होता. एडनला नेमणूक असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी मोटार दुरुस्त करायला त्याने मदत केली. कंपनीचं मॅन्युअल होतं, पण ते प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं. म्हणून त्याने गाडी खोलताना आणि जोडताना टप्प्याटप्प्याचे फोटो काढले. त्यातून १९६६ मध्ये त्याचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल निघालं. पुढे शेकडो मॉडेल्सची निघाली, आणि एकूण खप वीस कोटी प्रतींच्या वर गेल्याचं प्रकाशक सांगतात.

या पुस्तकांची ताकद एका नियमात होती : आधी खरी गाडी पूर्ण खोलायची, परत जोडायची, आणि मगच लिहायचं. त्यामुळे त्यांत जी माहिती येते ती टेबलावर बसून सुचत नाही. अमुक नट काढायला वरून हात जात नाही, खालून घाला. हा क्लिप बहुधा तुटतो, नवा आणून ठेवा. मी रोज सॉफ्टवेअरची डॉक्युमेंटेशन वाचतो. ज्याने ती पायरी स्वतः करून पाहिली आणि ज्याने नुसती नोंदवली, त्या दोघांच्या वाक्यांतला फरक मला आता लगेच कळतो. दुसऱ्याच्या वाक्यात काहीच अडत नाही.

हेन्सच्या पुस्तकांत प्रत्येक कामाला काठिण्याची पातळी असते, एक ते पाच पान्यांच्या चित्रांनी दाखवलेली. एक पाना म्हणजे नवशिक्याचं काम, पाच म्हणजे तज्ज्ञाचं. आणि या पुस्तकांची सगळ्यांत बदनाम सवय अशी की सुटं करण्याच्या पायऱ्या तपशिलाने दिल्यावर जोडणीसाठी पुष्कळदा एवढंच सांगितलेलं असतं की हेच सगळं उलट क्रमाने करा. यावर इंग्रजीत भरपूर विनोद झाले आहेत. ज्याने घरातला मिक्सर खोलून परत जोडला आहे त्याला ते समजावून सांगायला नकोत. खोलताना वस्तू स्वतः वाट दाखवते, जोडताना दाखवत नाही. स्क्रू सैल करताना किती सैल हा प्रश्न नसतो. आवळताना किती आवळायचा हाच मुख्य प्रश्न असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला जॉन म्यूरचं १९६९ चं फोक्सवॅगनवरचं पुस्तक आहे. म्यूर हा इंजिनियरची नोकरी सोडलेला अमेरिकन, आणि उपशीर्षकातच तो जाहीर करतो की हे पुस्तक ठार अडाण्यासाठी आहे. फोटोंऐवजी पीटर आश्वांडेनची गमतीदार चित्रं. म्यूरला कळलेली गोष्ट हेन्सला तेवढी कळलेली नाही : वाचक घाबरलेला असतो. म्हणून तो आधी पूर्ण प्रकरण वाचायला लावतो, अवजारं गोळा करायला लावतो, गाडीचा आवाज ऐका, वास घ्या म्हणतो. अचूकतेत हेन्स पुढे, पण वाचकाशी नातं म्यूरचं. रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या कादंबरीतला निवेदक पोटासाठी कॉम्प्युटरची मॅन्युअल्स लिहितो, आणि त्याची तक्रारही जवळपास हीच आहे : मॅन्युअल लिहिणारा यंत्राकडे प्रेक्षकासारखा पाहतो, आणि वाचकालाही प्रेक्षक करून ठेवतो.

गोरेगावात जॅक कुठे लावायचा?

ही सगळी पुस्तकं एक घर गृहीत धरतात. त्या घराला स्वतःचं गॅरेज असतं, निदान दारापुढे फरशी असते. भिंतीवर अवजारं टांगलेली असतात. रविवार मोकळा असतो. आणि बाहेरच्या मेकॅनिकचा एक तास इतका महाग असतो की स्वतः करण्यात सरळ पैसे वाचतात.

आमच्या सोसायटीत इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये दार अर्धं उघडतं. नोटीसबोर्डावर ‘आवारात वाहन धुणे व दुरुस्त करणे यास मनाई’ असं लिहिलं आहे. चाक काढायला मी गाडी रात्री साडेदहाला कंपाउंडच्या भिंतीजवळ लावली, तर वॉचमनने विचारलं, ‘पंक्चर है क्या साहब?’ पंक्चरशिवाय साहेबाने चाक का काढावं हे त्याला कळेना. हिशेबही बघा. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पुढचे ब्रेकपॅड बदलायची मजुरी चारशे रुपये. त्या कामाला लागणारा टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती आवळला ते मोजून दाखवणारा पाना, मी पुढे घेतला तो अडीच हजारांना. वर्षा-दीड वर्षातून एकदा पॅड बदलले तर तो पाना फिटेपर्यंत गाडी भंगारात जाईल.

त्यामुळे ‘मॅन्युअल घ्या, पैसे वाचवा’ ही जाहिरात इथे खोटी ठरते. आपल्याकडे दुरुस्तीची मजुरी स्वस्त आहे, आणि ती स्वस्त का आहे हे गॅरेजमध्ये पान्यांचा डबा उचलणाऱ्या बारक्याकडे पाहिलं तरी कळतं. आपल्याकडे अशी पुस्तकं का रुजली नाहीत याचंही निम्मं उत्तर इथेच आहे.

मराठीत कृती शिकवणाऱ्या पुस्तकांची वाण आहे असं नाही. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरांत गेलं. ते एक अव्वल दर्जाचं मॅन्युअल आहे. सासू-आईच्या हाताच्या अंदाजात अडकलेलं ज्ञान त्याने वाटी आणि चमच्याच्या मापात बसवलं, म्हणजे नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या नव्या जोडप्यालाही ते वापरता आलं. मग बॉनेटखालची ‘रुचिरा’ का झाली नाही? मला वाटतं, मॅन्युअल तिथे जन्माला येतं जिथे काम स्वतःलाच करावं लागतं. स्वयंपाक घरातल्या बाईला करावाच लागत होता, बिनपगारी. मोटार ज्याच्याकडे होती त्याच्याकडे बहुधा ती दुरुस्त करणारा माणूसही होता. आयटीआयच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यासाठी आहेत. मालकासाठी काही लिहावं अशी गरज कोणाला भासली नाही. आणि हात काळे करण्याबद्दलची आपली जुनी अढी आहेच. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंडाचा तुकडा घासून ‘जॉब’ करायचा होता. आमच्यातल्या अर्ध्यांनी तो तिथल्या मामांकडून करून घेतला. मीही.

ब्रेकची गोष्ट

आता ब्रेकपॅड. काम वाचायला सोपं आहे. चाक काढायचं, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलायचा, जुने पॅड काढायचे, पिस्टन हळूहळू आत दाबायचा, नवे पॅड बसवायचे, कॅलिपर खाली आणून बोल्ट आवळायचा, चाक लावायचं, आणि गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत ब्रेक दाबत राहायचा. मी मोबाइलच्या उजेडात दीड तासात केलं. ब्रेक उत्तम लागत होता.

तीन आठवड्यांनी बाबांनी सांगितलं की स्पीडब्रेकरवर डावीकडून टकटक आवाज येतो. मध्ये ते आईला घेऊन एक्स्प्रेसवेने पुण्याला जाऊन आले होते. मी गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांकडे नेली. ते मूळचे सिंधुदुर्गाचे, लिंक रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं छोटं गॅरेज आहे, मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी चाक काढलं, बोटाने कॅलिपरचा बोल्ट फिरवला, आणि तो बोटाने फिरला.

‘हे कोणी केलं?’

‘मी केलं, काका.’

‘किती आवळायचा ते पुस्तकात दिलं नव्हतं?’

‘आकडा होता. मोजायचा पाना नव्हता.’

‘मग हाताने आवळलास. हाताला अंदाज यायला मला दहा वर्षं लागली, इंजिनियर. तू एका रात्रीत कुठून आणणार?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘वहिनी होत्या ना गाडीत?’

चूक माझी होती. पण वाचक म्हणून ते पान मी परत उघडलं. आवळण्याचा आकडा त्या पायरीत नव्हता. प्रकरणाच्या सुरुवातीला एक तक्ता होता, वीस-बावीस बोल्टांचा, त्यात तो होता. पायरीत फक्त ठरलेल्या मापाने आवळा एवढंच. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे रास्त आहे, माहिती एकाच ठिकाणी ठेवावी हा आम्हा प्रोग्रामर लोकांचाही नियम आहे. पण रात्री अकरा वाजता ग्रीस लागलेल्या बोटांनी मोबाइलवर पानं मागे सरकवणाऱ्या माणसासाठी तो नियम चुकीचा आहे. इथे आकडा बोल्टाशेजारीच हवा.

त्याहून मोठा आक्षेप पान्यांच्या पातळीवर आहे. ही पुस्तकं काम किती अवघड ते सांगतात. चुकलं तर काय होईल ते त्याच मापाने सांगत नाहीत. ब्रेकपॅड बदलणं फार अवघड नाही, आणि चुकलं तर माणूस जातो. डॅशबोर्डमागचा एसीचा फिल्टर बदलताना हात सोलवटतो, कंबर धरते, आणि चुकलं तर थोडी धूळ येते. अवघडपणा आणि धोका ही दोन वेगळी मापं आहेत. सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही बदल लाइव्ह करण्याआधी आम्ही हाच प्रश्न विचारतो : हे फसलं तर किती लोकांना फटका बसेल, आणि मागे येता येईल का? एक्स्प्रेसवेवर मागे येता येत नाही. धोक्याच्या चौकटी या पुस्तकांत असतात, पण इतक्या ठिकाणी असतात की त्यांतली खरी कुठली आणि वकिलाने टाकलेली कुठली हे ओळखता येत नाही.

मग उपयोग काय?

एवढं होऊनही मी मॅन्युअल फेकून दिलं नाही, कारण रिलेच्या प्रसंगात आणि ब्रेकच्या प्रसंगात एक फरक आहे. रिलेच्या वेळी पुस्तकाने मला शोधायला शिकवलं होतं, ब्रेकच्या वेळी करायला. शोधणं पानावरून शिकता येतं. करणं हाताने, कोणाच्या तरी नजरेसमोर शिकावं लागतं. साध्या मालकासाठी मॅन्युअलचं खरं मोल पहिल्या गोष्टीत आहे : बिघाड कुठल्या क्रमाने तपासला पाहिजे हे कळणं, आणि त्यावर मेकॅनिकशी बोलता येणं. ‘पंखा बदलावा लागेल’ या वाक्यावर ‘रिले तपासलात का?’ हा एक प्रश्न माझ्या हिशेबात नऊ हजार तीनशे वीस रुपयांचा होता. त्यासाठी जॅक लागत नाही, टॉर्क पाना लागत नाही, सोसायटीची परवानगी लागत नाही.

याच कारणाने ही पुस्तकं कोणाला मिळतात हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कारण असं की सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. कंपन्यांचा एक बचाव सुरक्षेचा होता : अप्रशिक्षित हातांत ही माहिती गेली तर धोका. माझा सैल बोल्ट पाहता हा बचाव हसण्यावारी नेता येत नाही. पण तो बोल्ट सैल राहिला तो माहिती मिळाली म्हणून नव्हे, ती अर्धीच वापरली म्हणून. आणि तो सापडला तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये, ज्यांना मॅन्युअल देऊ नये असं कंपन्यांचं म्हणणं होतं.

जुन्या गाड्यांत हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिचं मॅन्युअल शहरातल्या मेकॅनिकांच्या डोक्यात होतं, आणि बऱ्याच टॅक्सीवाल्यांच्याही. पॉइंट पॉलिशपेपरने घासून गाडी चालू करणं हे रस्त्याकडेला बघून शिकता येत होतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांचं तसं नाही. तिथे बिघाड सेन्सर नोंदवतो आणि कोडच्या रूपाने सांगतो. हजारभर रुपयांचं ब्लूटूथ उपकरण गाडीच्या सॉकेटला लावलं की मोबाइलवर ‘पी०३०१’ असं काहीतरी दिसतं. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. पण का जळत नाही? प्लग, कॉइल, इंजेक्टर, की आणखी काही, हे कोड सांगत नाही. तिथून पुढची वाट मॅन्युअलमध्ये असते. हेन्सने २०२० मध्ये नव्या मॉडेल्सची छापील मॅन्युअल्स थांबवली. मोबाइलवरचे व्हिडिओ आले, मराठीतही आहेत, आणि हात कसा घालायचा हे ते पुस्तकापेक्षा चांगलं दाखवतात. पण व्हिडिओ एकाच बिघाडाचा असतो, आणि तो त्या माणसाच्या गाडीचा असतो. ‘हे नसेल तर ते बघा’ अशा फांद्या पानावरच नीट मांडता येतात.

म्हणून आपल्याकडच्या मालकासाठी साडेसहाशे पानांचं पुस्तक नकोच आहे. तीस पानं पुरतील, मराठीत. निम्मी शोधण्याची : गाडी तापते, चालू होत नाही, एका बाजूला ओढते, दिवा लागला, तर कुठल्या क्रमाने बघायचं. काही पानं करण्याची, पण फक्त तीच कामं जी चुकली तर गाडी फार तर बंद पडेल : वायपर, फ्यूज, बल्ब, एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल. उरलेली पानं बिल वाचण्याची. आणि ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, एअरबॅग या चार शब्दांपुढे ठळक अक्षरांत : इथे थांबा, समोर उभे राहून बघा, प्रश्न विचारा.

याची सुरुवात म्हणून मी आमच्या गाडीच्या फ्यूजबॉक्सचा नकाशा मराठीत करून मेकॅनिककाकांना झेरॉक्स दिली. त्यात मी ‘शीतक पंखा’, ‘ध्वनिसूचक’ असे शब्द घातले होते. त्यांनी कानामागचं पेन काढून ते खोडले, वर ‘फॅन’ आणि ‘हॉर्न’ लिहिलं, आणि कागद कॉम्प्रेसरच्या वरच्या भिंतीला चिकटवला. मग म्हणाले, ‘ब्रेकचं पण एक पान लिही. पण पहिली ओळ मी सांगतो ती घाल. पहिल्यांदा करशील ते माझ्यासमोर करायचं.’